फुंकरबाबांचा चार वाजताचा चमत्कार

"सरका, सरका! बाबा आले!"

मुलांच्या सर्जरी वॉर्डाबाहेर एकच झुंबड उडाली. भेटीची वेळ चारची, पण लोक साडेतीनपासूनच दाराला चिकटून उभे होते. त्यात आमच्या वॉर्डातल्या मुलांचे नातेवाईक निम्मेसुद्धा नव्हते. खालच्या मजल्यावरचे गुडघेदुखीवाले होते, प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवलेले दोन तरुण होते, आणि आपण मुळात कुणाला भेटायला आलो होतो हे साफ विसरलेला एक गृहस्थही होता. लिफ्टचं दार उघडलं आणि फुंकरबाबा बाहेर आले. धिप्पाड देह, पायघोळ पांढरा झगा आणि सदा हवा भरून ठेवल्यासारखे गुबगुबीत गाल. येता येता त्यांनी लिफ्टवाल्यावर एक फुंकर घातली. त्या बिचाऱ्याला काही दुखत नव्हतं, पण मिळतंय ते सोडा कशाला म्हणून त्यानेही मान वाकवली.

बाबा पहिल्या खाटेशी थांबले. खाटेवर टिल्लू होता, वय वर्षं पाच. त्याचा एक अंडकोष जन्मापासून पोटातच अडकून बसला होता. तो त्या दिवशी दुपारी ऑपरेशन करून खाली आणला होता. आता टिल्लू खेळण्यातल्या ट्रकची चाकं फिरवत होता. उशाशी त्याची आई, पायथ्याशी आजी.

बाबांनी टिल्लूच्या मानेखाली हात घातला आणि पाठीवरून हळूहळू खाली नेला. कमरेपाशी हात थबकला. बाबांचे डोळे मिटले, गाल थरथरले.

"आली! आली! अरे देवा, केवढी ही आग!" बाबा कळवळले. "लेकराची सगळी वेदना माझ्या हातात आली! वेदना म्हणजे काय? अडकलेला वारा! डॉक्टर कापतात, शिवतात, पण वारा कोण काढणार? वाऱ्याला वाराच काढतो. विज्ञान जिथे दमतं ना, तिथून माझी फुंकर सुरू होते!"

विज्ञान दमलं नव्हतं. ते दाराआड चहाचा ग्लास हातात धरून उभं होतं. म्हणजे मी.

बाबांनी फूऽऽ करून टिल्लूच्या पोटावर लांबलचक फुंकर सोडली आणि मग सगळ्यांना दिसेल अशा बेताने त्याच्या टाचेला करकचून चिमटा काढला. टिल्लूने वरही पाहिलं नाही. त्याचं एक चाक अडकलं होतं. गर्दीतून "आहाहा" असा सूर निघाला, एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि आजीने बाबांच्या पायांवर डोकंच टेकलं.

"एक ध्यानात ठेवा, आजी," बाबा म्हणाले. "आता याच्या पोटात औषधाचा थेंब जाता कामा नये. औषध गेलं की फुंकर रुसते. आणि संध्याकाळी थोडं दुखलंच, तर समजा की घरातल्या कुणाची तरी श्रद्धा पातळ झाली!"

हे म्हणताना त्यांनी टिल्लूच्या आईकडे पाहिलं. आजीनेही पाहिलं. दुखणं कमी करायच्या औषधाची बाटली खाटेशेजारच्या कपाटावर होती. आजीने ती उचलली, पिशवीत घातली आणि पिशवी मांडीखाली दडपली.

आता मी कोण ते सांगते. मी भूल देणारी डॉक्टर. आमची जात मोठी दुर्दैवी. ऑपरेशन करणाऱ्याला लोक जन्मभर विसरत नाहीत, आणि भूल देणाऱ्याला पाहतात तेवढ्यात बेशुद्ध होतात. मी मुलाला झोपवते हे आईबापांना ठाऊक असतं. पुढचं मात्र ठाऊक नसतं. मूल झोपलं की मी त्याला कुशीवर वळवते, आणि माकडहाडाच्या जरा वर जी नैसर्गिक फट असते तिच्यातून बारीक सुईने औषध सोडते. बेंबीपासून टाचेपर्यंतच्या नसा त्याने काही तास मुक्या होतात. मूल जागं होतं तेव्हा डोकं शुद्धीवर असतं, पोटात भूक असते आणि कमरेखालचं दुखणं मेंदूपर्यंत पोचतच नाही. सुई टोचलेल्या जागेवर मी एक छोटी गोल चिकटपट्टी लावते.

आमच्या रुग्णालयाची रीत अशी की आईबापांना ऑपरेशन थिएटरच्या दारातल्या लाल पट्ट्यापाशीच अडवायचं. मूल आत झोपतं, सुई झोपेतच बसते. म्हणजे ती ना मुलाला कळते, ना आईबापांना दिसते. समजावून सांगायला कुणाला सवड नसते. दुपारी बारा-एकला मी सुई द्यायची आणि चारला बाबांनी येऊन फुंकर मारायची, असा आयत्या बिळावर नागोबा आमच्या वॉर्डात महिनाभर डुलत होता. संध्याकाळी सुईचा अंमल उतरे, तोवर बाबा घरी जाऊन जेवायला बसलेले असत.

मी मोठ्या डॉक्टरांकडे तक्रार केली होती. मोठे डॉक्टर म्हणजे ऑपरेशन करणारे.

"अहो, वॉर्ड कसा शांत असतो बघा," ते हसून म्हणाले. "लोकांना बरं वाटतं, आपलं काय जातं?"

त्यांना मनातून खात्री आहे की मुलांना दुखत नाही ते त्यांच्या नाजूक टाक्यांमुळे. एका मुलाच्या न दुखण्यावर असे दोघेदोघे हक्क सांगत होते, आणि जिची सुई, तिला कुणी विचारत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा राग यायचा. पण नुसत्या रागासाठी मी चहा थंड होऊ दिला नसता.

मागच्या आठवड्यात मूत्राशयाचं ऑपरेशन झालेली एक मुलगी होती. तिच्या बापाने बाबांच्या सांगण्यावरून औषधाची बाटली बेसिनमध्ये ओतली. दिवेलागणीला सुई उतरली आणि ती पोर असा टाहो फोडून रडली की शेजारच्या खाटांवरची मुलं घाबरून रडायला लागली. सिस्टर दुसरं औषध घेऊन आल्या तर बाप खाटेआडवा उभा राहिला. "श्रद्धा ठेव बाळा, श्रद्धा ठेव," म्हणत तो तिचे पाय दाबत होता. मी मध्ये पडले, भांडले, शेवटी औषध दिलं. पण तोवर पोरीने जे सोसलं ते सोसलंच. त्या माणसाचं लेकीवर प्रेम नव्हतं असं नाही. प्रेमाला अक्कल नसली की ते असं पोराच्याच जिवावर बसतं.

आणि आज टिल्लूची बाटली आजीच्या मांडीखाली होती. दीडेक तासात त्याच्या सुईचा अंमल उतरणार. त्याआधी औषध पोटात गेलं तर पोर खेळत खेळत झोपी जाईल. नाही गेलं, तर मागचा आठवडा पुन्हा होणार.

मी पुढे होणार, एवढ्यात बाबा खिडकीजवळच्या खाटेशी पोचले. तिथे एका शिंप्याचा मुलगा होता. गोलमटोल, वॉर्डभर त्याला गुब्बू म्हणत. त्याचं लघवीचं छिद्र जन्मतःच टोकाऐवजी खालच्या बाजूला होतं, तेही दुपारीच नीट केलं होतं. गुब्बू ग्लासावर चमचा वाजवत मजेत बसला होता. बाबांनी त्याच्या मानेखाली हात घातला आणि कमरेपर्यंत नेला. मग परत वर नेला, परत खाली आणला. गाल एकदम पडले.

"नाही," बाबा गंभीरपणे म्हणाले. "याची वेदना माझ्याकडे येत नाही. पाठीवर शंकेची सावली आहे. घरात कुणीतरी नास्तिक आहे."

शिंपी रडकुंडीला आला. "बाबा, असं नका करू! मीच चुकलो असेन. सकाळी घाईत नमस्कार राहिला—"

"टणटण, टणटण," गुब्बू चमचा वाजवत होता.

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गुब्बूला माकडहाडापाशी एक खोल खळगी आहे. तशी असली की आम्ही तिथे सुई घालायचं टाळतो, आत मज्जारज्जूची ठेवण वेगळी असू शकते. म्हणून त्याला मी पुढच्या बाजूने, त्या भागाच्या नसांपाशी सुई दिली होती. त्यालाही टिल्लूइतकंच दुखत नव्हतं. फरक एकच, त्याच्या कमरेवर पट्टी नव्हती! फुंकरबाबा वेदना चाचपत नव्हते. पट्टी चाचपत होते!

बाबांची स्वारी एका खाटेवर निदान दहा मिनिटं रमे. शेवटच्या खाटेपर्यंत यायला त्यांना वेळ होता. त्या खाटेवर एक नऊ वर्षांची मुलगी होती. मूत्रपिंडातून निघणारी तिची नळी अरुंद होती आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवशी ठरलं होतं. सकाळपासून तपासण्या चालल्या होत्या, म्हणून अंगात रुग्णालयाचा झगा. प्रत्येक सिस्टरला "का? कशाला? कशावरून?" विचारून तिने असं जेरीला आणलं होतं की तिचं नावच वकीलबाई पडलं होतं. तिची आई बस कंडक्टर.

मी दोघींना हळूच सगळं सांगितलं आणि आईची परवानगी विचारली.

"लावा पट्टी," कंडक्टरबाई म्हणाल्या. "रोज बसमध्ये फुकटे पकडते मी. याला सोडते होय!"

"मला खोटं बोलावं लागेल का?" वकीलबाईंनी विचारलं.

"अजिबात नाही. नुसती पडून राहा. त्यांनी काही विचारलं तर खरं सांग. दुखलं तर दुखलं म्हण."

"आणि चिमटा काढला तर?"

"तर हक्काने ओरड."

मी तिच्या कमरेवर एक गोल पट्टी चिकटवली. सुई नाही, औषध नाही, नुसती पट्टी.

बाबा आले. मागून गर्दी आली. हात मानेखालून निघाला, पाठीवरून उतरला, कमरेवर थबकला. गालांत वारा भरला.

"आली!" बाबांनी आरोळी ठोकली. "ऑपरेशनची केवढी ही जखम! पण ओढली! सगळी ओढली! या पोरीला कमरेखाली आता काही कळणार नाही!"

ऑपरेशन झालंय की व्हायचंय, एवढंही बाबांनी विचारलं नाही. सगळं आतून कळणाऱ्या माणसाला विचारायची सोय नसते, आणि तिथेच त्याचं घोडं पेंड खातं. फूऽऽ झालं. मग बाबांनी गर्दीकडे पाहत पोरीची टाच धरली आणि सणसणीत चिमटा काढला.

"आई गंऽऽ!" वकीलबाई ताडकन उठून बसल्या आणि पाय असा झाडला की तो बाबांच्या गालावरच बसला. सगळा वारा फुस्स करून बाहेर पडला. "चिमटे काय काढताय? आणि माझं ऑपरेशन उद्या आहे!"

प्लॅस्टरवाला एक तरुण खो-खो हसला.

पण फुंकरबाबा कच्च्या गुरूचे चेले नव्हते. गाल चोळत त्यांनी लगेच हात वर केला. "ठाऊक आहे मला! म्हणूनच तर तिची उद्याची वेदना मी आजच काढून घेतली!"

आणि काय सांगू, दोन-चार माना डोलल्यासुद्धा! "हो, बाबांना पुढचं दिसतं," असं कुणीतरी पुटपुटलंही. माणसाला विश्वास ठेवायचाच असला की तो उद्याचं जेवण आज जेवून ढेकर देतो.

"मग आजचा चिमटा का दुखला?" वकीलबाईंनी विचारलं.

बाबांच्या गालांत पुन्हा काही वारा भरेना. मी पुढे झाले आणि वकीलबाईंच्या कमरेवरची पट्टी सगळ्यांना दाखवली. टिल्लूची दाखवली. गुब्बूची पाठ दाखवली, जिच्यावर पट्टी नव्हती. सुई कुठे देते, ती काय करते, किती तास टिकते, सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या पोराच्या पाठीवर सावली नाही?" शिंप्याने विचारलं.

"पट्टी नाही, एवढंच. त्याला विचारा की दुखतं का."

"गुब्बू, दुखतंय का रे?"

"नाही. मला बिस्किट हवं."

"बाबा," मी म्हणाले, "मी सगळ्या मुलांना गळ्यापर्यंत चादर घालते. हात न लावता सांगा, कुणाची वेदना तुमच्याकडे येते."

बाबा माझ्या अगदी जवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, कशाला पोटावर पाय देता? पोरं तुमच्यामुळे हसतात, माझं त्यावर चालतं. कुणाचं काय बिघडलं?"

मी ते वाक्य जसंच्या तसं मोठ्याने म्हणून दाखवलं. बाबांना ध्यानाची वेळ झाल्याचं एकदम आठवलं. ते इतक्या लगबगीने निघाले की लिफ्टचीही वाट न पाहता जिन्याने उतरले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, इथे बाबांनी टाच दाबून ओढवून घेतलं.

लोक हसत होते, पण माझा जीव टिल्लूत होता. आजी जागची हलली नव्हती. पिशवी मांडीखालीच होती.

"सासूबाई, द्या ना औषध," टिल्लूची आई काकुळतीने म्हणाली.

"तू गप्प बस," आजी म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तो लबाड निघाला, मान्य. पण माझ्या नातवाला दुखत नाही हे तर खरं ना? मग औषध कशाला?"

"कारण सुई आता उतरणार, आजी. औषधाला चढायला वेळ लागतो. ते आधी पोटात हवं."

"तुम्ही सांगता म्हणून मानू? तोही सांगतच होता. तो झग्यात होता, तुम्ही कोटात आहात."

म्हातारीचं काय चुकलं? गेला महिनाभर या वॉर्डात जो प्रश्न कुणी विचारायला हवा होता, तो ती विचारत होती, फक्त तो चुकीच्या दिवशी माझ्या वाट्याला आला होता.

"नका मानू," मी म्हणाले. "पडताळून बघा." मी कापसाचा बोळा गार पाण्यात भिजवला आणि टिल्लूच्या गालाला लावला.

"गार!" टिल्लू म्हणाला.

बेंबीच्या खाली लावला. टिल्लू ट्रकशी खेळत राहिला. मांडीला लावला, तरी तेच.

"आता हा बोळा तुम्ही धरा. थोड्या थोड्या वेळाने लावून बघा. माझं खरं असेल तर आधी बेंबीखाली गार लागायला लागेल, मग ते हळूहळू खाली जांघेकडे येईल. कुणाच्या श्रद्धेचा संबंध नाही. सुनेने काय मनात आणलं त्याचा तर नाहीच नाही. मात्र बेंबीखाली गार लागलं की वेळ घालवू नका. ते जांघेत पोचलं की दुखणं आलंच."

आजींनी बोळा घेतला. एरवी ताक घुसळावं तशी आपली मतं घुसळणारी ती म्हातारी चक्क गप्प बसून नातवाचं पोट तपासू लागली. एकदा लावला, काही नाही. बोळा पुन्हा भिजवला, लावला, काही नाही. आजींच्या चेहऱ्यावर माझ्याविषयीचा संशय स्वच्छ दिसत होता. सून ओठ दाबून उभी होती. दुसऱ्या मुलाकडे बोलावणं आलं तरी माझा पाय निघेना.

चौथ्यांदा की पाचव्यांदा बोळा बेंबीखाली टेकला आणि टिल्लूने पोट आत ओढलं.

"आजी, गार आहे ना! नको!"

आजींनी बोळा मांडीला लावून पाहिला. टिल्लू काही बोलला नाही. पुन्हा बेंबीखाली लावला.

"नको म्हटलं ना, गार!"

आजींनी बोळा खाली ठेवला, मांडीखालची पिशवी ओढली आणि बाटली काढून सुनेच्या हातात दिली. "दे लवकर. बघत काय बसलीस?"

सुनेने औषध पाजलं. टिल्लूने तोंड वाकडं केलं, पाणी मागितलं, आणि थोड्या वेळाने ट्रक पोटाशी धरून झोपला. रडला नाही. त्याच्या आईने मात्र खिडकीकडे तोंड करून दोन मिनिटं रडून घेतलं, आणि आजींनी ते न पाहिल्यासारखं करून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

इथे गोष्ट संपली असती तर किती छान झालं असतं! पण दुसऱ्या दिवशी चार वाजता मी वॉर्डात शिरते तो दारात तीच गर्दी. या वेळी माझ्यासाठी.

"बाईंनी बाबांची शक्ती ओढून घेतली म्हणे," एक गुडघेवाला दुसऱ्याला सांगत होता. मला पाहताच त्याने पँट वर केली. "बाई, इथे जरा हात ठेवा."

मी कपाळावर हात मारला, तर तोही त्यांना आशीर्वादच वाटला. महिनाभर पोसलेला खुळेपणा एका चिमट्याने जात नाही. तो फक्त नवा झगा शोधतो.

त्या गर्दीला बाजूला सारत टिल्लूच्या आजी पुढे आल्या. पाया पडायला नव्हे. दोन्ही हात कमरेवर होते.

"मला सांगा," त्या म्हणाल्या, "त्या वकीलबाईला आज सुई दिलीत ना? कुठे दिलीत? किती वेळ टिकेल? आणि तुमच्या सुईने कुणाचं काही बिघडलं तर?"

गर्दीला हा उद्धटपणा वाटला. एकाने तर "आजी, असं विचारू नये," असं दटावलंही. मी त्याला गप्प केलं आणि सगळ्यांसमोर उत्तर दिलं. आज सुई माकडहाडापाशी नाही, वर पाठीच्या एका बाजूला दिली, कारण ऑपरेशन मूत्रपिंडाजवळचं आहे. ती रात्रीपर्यंत टिकेल, त्याआधी औषध सुरू होईल. आणि हो, कधी कधी सुई लागू पडत नाही. फार क्वचित त्रासही होतो. म्हणून आम्ही मुलाजवळून हलत नाही, आणि तसं झालंच तर काय करायचं याची तयारी आधीच केलेली असते.

"म्हणजे तुमचंही चुकतं?"

"चुकतं, आजी."

"मग ठीक आहे," आजी म्हणाल्या आणि खाटेकडे परतल्या.

आता मी मोठ्या डॉक्टरांशी भांडून लाल पट्ट्याची रीत बदलून घेतली आहे. सुई देण्याआधी प्रत्येक आईबापाला बसवून सुई दाखवते, पट्टी दाखवते, तिचा अंमल कधी उतरेल ते सांगते. वेळ जातो, चहा रोज थंड होतो. पण वाचकहो, तुमच्याकडे माझी एवढीच मागणी आहे: कुणी झग्यातला असो की कोटातला, त्याने काही अद्भुत करून दाखवलं तर टाळी वाजवण्याआधी त्याला एक प्रश्न विचारा. जो चिडेल, ज्याला तुमच्या प्रश्नात पाप दिसेल, त्याच्या हाती आपलं लेकरू देऊ नका. आणि जो उत्तर देईल, त्यालाही लगेच सोडू नका. दुसरा प्रश्न विचारा.